आठशे बहात्तर

कारखानीस सरांचं नाव यादीत दिसलं तेव्हा मी वाईतल्या माझ्या कार्यशाळेत उभ्या उभ्या चहा पीत होते. पुढच्या आठवड्यात पठारावरच्या कॅन्सर केंद्रात ज्यांना झोत द्यायचा, त्यांची ती यादी. यशवंत कारखानीस, वय बहात्तर, कवटीच्या तळाशी गाठ. खाली शेरा होता : मोजमाप हेमांगी घोलप यांनीच करावे, अशी रुग्णाची विनंती.

मी चहा संपवला. चौदा वर्षं ज्याचं तळपट होवो म्हणून मी बोटं मोडली, तो माणूस आपल्या पायांनी चालत माझ्या हातात येत होता. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, फार आनंद झाला.

आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. कणांचा झोत दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याचा चटका बसत नाही. यंत्रातून सुटलेले कण शरीरात शिरतात, वाटेत फारसं नुकसान न करता गाठीपाशी येऊन थांबतात आणि थांबताना उरलेली सगळी ताकद तिथे टाकतात. किती टाकली हे कळायला वाटेत गॅस भरलेली एक लहानशी पोकळी ठेवायची. तिला आम्ही चेंबर म्हणतो. कण त्यातून जाताना गॅसच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन उडतात आणि दोन बाजूंच्या पट्ट्या हे सुटे विद्युतभार गोळा करतात. जितका भार, तितका डोस.

जुन्या चेंबरमधला गॅस म्हणजे साधी खोलीतली हवा, आणि तिथेच मेख होती. हवा विरळ असेल तर अणू कमी, म्हणून भारही कमी. डोस पुरेपूर पडलेला असला तरी चेंबर सांगतं, कमी पडला. म्हणून हवेचा दाब मोजून त्या आकड्यात दुरुस्ती करायची असते. मुंबईत ही दुरुस्ती आमटीतल्या हिंगाएवढी. पाचगणीच्या अलीकडच्या आमच्या पठारावर, समुद्रापासून तेराशे मीटर उंचावर, ती सोळा टक्के होते.

कारखानीस सरांची सगळी हयात मुंबईत गेलेली. पठारावर नवीन केंद्र उभं राहिलं तेव्हा त्यांना मोजमापाचे प्रमुख म्हणून आणलं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, वाईची, सगळ्यांत कनिष्ठ. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी बॅरोमीटर पाहिला आणि तक्त्यात दाब भरला, आठशे बहात्तर मिलिबार. सरांनी मागून वाकून पाहिलं.

“आठशे बहात्तर? अगं, चक्रीवादळाच्या पोटात शिरलं तरी दाब एवढा उतरत नाही. बिघडलाय तुझा बॅरोमीटर.”

“सर, आपण डोंगरावर आहोत.”

“मी तीस वर्षं मोजतोय, हेमांगी.”

त्यांनी मोबाइलवरचं हवामानाचं ॲप उघडलं. त्यावर पाचगणीचा दाब होता एक हजार बारा. ॲपवाले प्रत्येक गावाचा दाब ते गाव समुद्रकाठी आहे असं धरून दाखवतात, म्हणजे नकाशावर सगळी गावं एका पातळीवर येतात. हे सरांना ठाऊक असायला हवं होतं. पण समुद्रकाठी ॲपचा आकडा आणि बॅरोमीटरचा आकडा नेहमी जुळायचा, त्यामुळे त्यांना आयुष्यात कधी विचार करावा लागला नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला, माझा आकडा खोडला आणि १०१२ भरला. बॅरोमीटर उचलून स्वतःच्या बॅगेत टाकला.

आमच्या खोलीची एक रीत होती. सकाळी सगळ्यांत कनिष्ठ माणसाने आपल्या पासवर्डने संगणक उघडायचा आणि दिवसभर ज्याला जे भरायचं ते त्याने भरायचं. सरांनी स्वतः पासवर्ड टाकायचा म्हणजे त्यांना कारकून करण्यासारखं होतं. तेव्हा नोंद काय राहिली, तर दाब १०१२, भरणारी हेमांगी घोलप.

आता सगळ्यांत वाईट भाग. मला त्यांचं पटलं. इतका मोठा माणूस इतकं ठामपणे सांगतोय म्हटल्यावर मला वाटलं, खरंच बॅरोमीटर बिघडला असेल. माझ्या आईला तेव्हा मणक्याच्या वरच्या टोकाशी गाठ होती. केंद्र सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी मी स्वतः तिला हाताला धरून पठारावर आणलं आणि झोताखाली झोपवलं.

तीन आठवड्यांनी बाहेरच्या तपासणीत चूक सापडली. तोवर अकरा रुग्णांना सोळा टक्के जास्त डोस गेला होता. चौकशी समितीसमोर सर म्हणाले, “मुलगी हुशार आहे, पण अननुभवी. आकडा तिने भरला, तपासायचं माझं राहून गेलं.” बॅरोमीटर हरवला म्हणून सांगितलं. केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांना ताकीद मिळाली. मला सहा वर्षं रुग्णाच्या खोलीत पाऊल ठेवायला बंदी झाली.

आईला चौदा महिन्यांनी गिळता येईना. मग पाय गेले. मी घरीच होते, नळीने तिला पेज भरवायचे. भेटायला येणाऱ्या बायकांना ती घोगऱ्या आवाजात एकच सांगायची.

“माझ्या पोरीचं चुकलं गं. लहान हाय. म्या माफ केलंय, तिला कुनी बोलू नगा.”

मी किती वेळा सांगितलं, आई, तो आकडा मी नव्हता भरला. ती नुसती माझ्या हातावर थोपटायची. ती मला माफ करूनच गेली. न केलेल्या गुन्ह्याला मिळालेली माफी अंगावर घेऊन जगणं काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं. शिक्षा सोपी असते, निदान तिच्याशी भांडता येतं.

त्या सहा वर्षांत मी ‘राखण’ तयार केलं. पाव मिलिमीटर जाडीची गॅसची पोकळी असलेलं हे नवं चेंबर. तोवर उपचारही बदलले होते. पूर्वी तीस दिवस थोडा थोडा झोत द्यायचे, आता कार्बनचे कण एकाच फटक्यात, सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात देतात. एवढ्या कमी वेळात एवढे कण आले की जुन्या चेंबरमध्ये भारांची गर्दी होते, पट्टीपर्यंत पोचण्याआधीच ते एकमेकांना मिटवतात आणि आकडा कमी येतो. पोकळी अतिशय अरुंद केली की भारांना मिटायला वेळच मिळत नाही.

पण माझं खरं काम दुसरं होतं. राखणच्या आत मी कणभर किरणोत्सारी द्रव्य बसवलं. ते किती कण सोडतं हे पक्कं माहीत असतं. त्यातून किती भार गोळा झाला यावरून राखणला हवेचा विरळपणा आपोआप कळतो. भजी सोडण्याआधी बाई पिठाचा थेंब तेलात टाकून पाहते, तसंच. दाब भरायला माणूसच नको. डोस पुरा झाला की राखण स्वतः झोत तोडतं. नियामक मंडळाने फक्त एक रकाना ठेवायला लावला, ‘हाताने भरलेला दाब’. आतलं द्रव्य निकामी झालं तर असावा म्हणून.

झोताच्या आदल्या दिवशी सकाळी मी पठारावर गेले. कारखानीस सर केंद्राच्या बागेत बाकावर बसले होते. अंगाने निम्मे झाले होते, डावी पापणी लोंबत होती. मागे त्यांच्या नावाचं सभागृह होतं. कोनशिलेवर सोनेरी अक्षरं होती.

“ये, बैस,” ते म्हणाले. मी उभीच राहिले.

“माझा आग्रह का धरलात, सर? देशात आणखी चार जण आहेत राखण चालवणारे.”

“ते राखण चालवायला शिकलेत. तू मोजायला शिकलीस. आठशे बहात्तर बरोबर होतं, हेमांगी. मला माहीत आहे. उद्या माझ्या डोक्यात एकच फटका बसणार आहे. मला दुसऱ्या कुणाचा भरवसा नाही.”

चौदा वर्षं हे वाक्य ऐकायला मी जीव टाकत होते, आणि ते मिळालं असं, बागेत, माळ्याच्या नळीच्या आवाजात.

“मग हे लिहून द्या.”

“आता कशाला? कोणाला फरक पडतो त्याने? मी थकलोय. माझं नाव आहे, नातवंडं आहेत.” त्यांनी रुमालाने डोळा टिपला, तो पापणी लोंबून पाणी येत असल्यामुळे, दुसऱ्या कशामुळे नव्हे. “तुझ्या आईने तुला मोठ्या मनाने माफ केलं म्हणून ऐकलं होतं. तेवढं मन तूही ठेव.”

मी तिथून निघाले ती थेट चाचणीच्या खोलीत.

त्या दुपारी मी काय केलं ते जसंच्या तसं सांगते. मी राखणचं आतलं मापन बंद केलं आणि ‘हाताने भरलेला दाब’ या रकान्यात १०१२ टाकला. पडद्यावर सगळं हिरवं झालं. मग सरांचा उपचाराचा आराखडा उघडला आणि सोळा टक्के जास्त डोस पडला तर गाठीला चिकटलेल्या मेंदूच्या देठाला काय मिळेल ते पाहिलं. मला पाहायची गरज नव्हती. साधारण चौदा महिन्यांनी गिळता येत नाही. मग पाय जातात. मी ते घरी पाहिलं होतं.

आणि कुणाला कळलं नसतं. बहात्तर वर्षांचा माणूस, वाईट जागी गाठ, सुंठीवाचून खोकला गेला असता. चाचणीची नोंद माझ्याच हातात होती, आणि झोताच्या वेळी पडद्यावर कोणता आकडा दाखवायचा तेही. मी एक तास त्या हिरव्या पडद्यासमोर बसले आणि तो तास माझ्या आयुष्यातला फार सुखाचा तास होता. सर नळीने पेज पितायत हे मी मनात पुन्हा पुन्हा पाहिलं.

शेवटी मी आकडा पुसला. दया आली म्हणून नव्हे. तो मेला असता तर सभागृहात हार घातलेला फोटो लागला असता. आणि माझ्याबद्दल कागदावर जे लिहिलंय, घोलप बाईने १०१२ भरला, ते खरं ठरलं असतं. त्या माणसाला मी एवढी मोठी भेट देणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता त्यांना झोताच्या खोलीत नेलं. चेहऱ्यावर जाळीचा मास्क चढवून तो टेबलाला पक्का केला, म्हणजे डोकं केसभरही हलू नये. मास्कमधून ओठ जेमतेम हलतात. मी काचेपलीकडे नियंत्रणाच्या खोलीत होते. शेजारी केंद्राच्या प्रमुख डॉक्टर, निलोफर मुजावर. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, कामाला चोख.

झोताआधी हजेरी होते. आमच्याच अपघातानंतर झालेला हा नियम. डॉक्टर, मोजणारा आणि रुग्ण, तिघांनी आपापलं नाव आणि आकडे मोठ्याने सांगून ‘मान्य’ म्हणायचं. सगळं रेकॉर्ड होऊन त्याच क्षणी नियामक मंडळाकडे जातं, नंतर कुणाला एक अक्षर बदलता येत नाही. तीन ‘मान्य’ झाल्याशिवाय यंत्र झोत सोडत नाही. आणि तयार झालेला झोत नऊ मिनिटंच टिकतो. तो गेला तर पुढची तारीख सहा आठवड्यांनी, आणि सरांची गाठ सहा आठवडे थांबणारी नव्हती.

“निलोफर मुजावर. रुग्ण, जागा आणि डोस तपासले. मान्य.”

“यशवंत कारखानीस. मान्य.” आवाज जाळीतून दबून आला.

“हेमांगी घोलप,” मी म्हणाले. “राखणने मोजलेला दाब, आठशे एकाहत्तर. मान्य म्हणण्याआधी रुग्णाला एक प्रश्न आहे. या केंद्रात पहिल्या मोजमापाच्या दिवशी दाबाचा आकडा कोणी बदलला?”

निलोफरने माझ्याकडे वळून पाहिलं. “मॅडम, हे हजेरीत बसत नाही.”

“बसतं. दाबाबद्दल शंका असेल तर मोजणाऱ्याने विचारायचं, असा नियमच आहे.”

“शंका कसली? आकडा समोर दिसतोय.”

“मला आहे शंका. चौदा वर्षांपासून आहे.”

“मॅडम, माणूस बांधलेला आहे आत. प्लीज.”

पडद्यावर वेळ उतरत होता. सात मिनिटं राहिली, मग सहा. आतून फक्त श्वास ऐकू येत होता. सरांना पडदा दिसत नव्हता, पण वेळ उतरतोय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

“मी बदलला,” ते म्हणाले.

“सविस्तर सांगा, सर.”

“तिने आठशे बहात्तर भरला होता. मी खोडून एक हजार बारा भरला. तिच्या लॉगिनवर.”

“आणि बॅरोमीटर?”

“माझ्या घरी आहे. कपाटात. पुण्याहून तपासून घेतला होता. त्याचा अहवालही आहे.”

“काय म्हणतो अहवाल?”

“बरोबर होता.”

मला एवढंच हवं होतं. मी ‘मान्य’ म्हणणार होते, शब्द ओठांवर आला होता. पण मोजणाऱ्या माणसाची खोड, प्रत्येक आकड्याला तारीख विचारायची.

“केव्हा तपासून घेतलात?”

पाच मिनिटं राहिली होती.

“केव्हा, सर?”

“चौथ्या दिवशी.”

निलोफरने तोंडावर हात ठेवला. मला क्षणभर अर्थच लागेना. मग लागला. अपघात तीन आठवडे चालला होता. चौथ्या दिवशी या माणसाला कळलं होतं. पाचव्या दिवशी मी आईला हाताला धरून आणलं, तेव्हा हा दारात उभा होता. आईला म्हणाला होता, “घाबरू नका, तुमची मुलगीच मोजतेय.”

“मग थांबवलं का नाही?” हा माझा आवाज होता, पण मला तो ओळखू आला नाही.

“आधीच्या तीन जणांचं सांगावं लागलं असतं. नुकतंच उद्घाटन झालेलं. वाटलं, हळूहळू आकडा खाली आणू, कुणाच्या लक्षात येणार नाही.” जाळीतून एक हुंदका आला. “हेमांगी, वेळ किती राहिला?”

मी गप्प राहिले. मला काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. आकडा बदलायला नको, काही पुसायला नको. तीन मिनिटं. निलोफर माझा दंड धरून हलवत होती. “मॅडम, मान्य म्हणा. जे काही असेल ते नंतर बघू. मान्य म्हणा.” आतला माणूस बांधलेला होता, माझी आई बांधली होती तसा, आणि तोही एका मोजणाऱ्याच्या शब्दाची वाट पाहत होता. दोन मिनिटं. मी त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिले. कपाटातला अहवाल मंडळाच्या हातात पडेल. मग वर्तमानपत्रं येतील. अकरा घरांमधली माणसं येतील. त्या वेळी हा असायला हवा. मेला तर सुटेल.

“मान्य,” मी म्हणाले.

झोत सुटला आणि थांबला. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. राखणने ठरलेल्या डोसवर तो तोडला, चूक अर्ध्या टक्क्याच्या आत.

पुढचं लवकर झालं. कपाटात बॅरोमीटर सापडला, अहवालही सापडला, त्यावर तारीख होती. जुनी चौकशी पुन्हा उघडली आणि कागदावरून माझं नाव निघालं. सभागृहाची कोनशिला काढली. सरांवर खटला उभा राहिला, वयामुळे जामीन मिळाला.

माझीही चौकशी झाली. झोत तयार असताना, रुग्ण बांधलेला असताना, सात मिनिटं शब्द अडवून धरला. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, तुम्हाला पश्चात्ताप होतो का? मी म्हणाले, नाही. पुन्हा तसंच कराल का? मी म्हणाले, हो. माझा परवाना कायमचा गेला. राखण मी बनवू शकते, रुग्णावर चालवू शकत नाही. निलोफरने माझ्याविरुद्ध साक्ष दिली आणि ती खरी दिली. मी तिला फोन करून तसं सांगितलं. ती रडायला लागली, मला नाही रडू आलं. या वेळची शिक्षा माझी स्वतःची होती, कुणी दुसऱ्याने माझ्या नावावर चढवलेली नव्हती. मी कागदावर सही केली आणि वाईला येऊन कामाला लागले.

सात महिन्यांनी, दुपारी जेवून हात धूत होते, तर कार्यशाळेच्या दारात सर उभे. काठी होती, पण चाल ठीक होती. पापणी वर आली होती. अंगावर थोडं मांसही चढलं होतं. मी त्यांना स्टूल दिलं आणि पाणी दिलं.

“घरी कुणी बोलत नाही माझ्याशी,” ते म्हणाले. “नात फोन उचलत नाही. बिल्डिंगमधले लोक लिफ्टमधून उतरतात मला पाहून. त्या अकरांपैकी एका बाईचा मुलगा रोज येतो, समोरच्या फुटपाथवर नुसता उभा राहतो. काही बोलत नाही.”

मी हात पुसून टॉवेल खिळ्याला लावला.

“तू त्या दिवशी मान्य म्हणालीस. दोन मिनिटं गप्प बसली असतीस तर मी आज नसतो. म्हणजे मनातून कुठेतरी मला माफ केलंस ना? तेवढं एकदा तोंडाने म्हण. त्याच्यासाठी आलोय.”

“नाही, सर.”

“मग मान्य का म्हणालीस?”

मी त्यांच्यासमोर दुसरं स्टूल ओढून बसले. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर.

“तुमचे सगळे रिपोर्ट निलोफरने मला दाखवलेत. डोस अगदी बरोबर बसलाय. गाठ विरघळलीय, परत यायची शक्यता फार थोडी. मेंदूच्या देठाला धक्का नाही, गिळायला कधी त्रास होणार नाही, पाय चालत राहतील. तुमचं हृदय चांगलं आहे, साखर नाही. अजून पंधरा वर्षं तुम्ही सहज जगाल. वीससुद्धा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेला हातातच राहिला. जन्मभर मोजत आलेला माणूस होता, त्याला आकडा समजायला वेळ लागला नाही. मग काठी घेऊन ते उठले.

मी दार उघडून धरलं. बाहेर दोन पायऱ्या होत्या.

“सावकाश जा, सर,” मी म्हणाले. “घाई नाही.”